दुखण्याला उद्या नसतो तेव्हा

नागपूरच्या त्या मेंदू-संशोधन प्रयोगशाळेत एक रिवाज होता, आणि तिथल्या लोकांना त्याचा भारी अभिमान. स्वयंपाक करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात चाखायचं, मग गावाला वाढायचं. म्हणून डॉ. शाल्मली धोपेश्वरकरने तयार केलेला ‘क्षणस्थापक’ सगळ्यांत आधी तिच्याच नवऱ्याच्या डोक्यात बसला.

हेरंब हौसेने तयार झाला होता. हृदयाची एक झडप कमजोर आहे असं कळल्यापासून या माणसाने काळजी करकरून स्वतःचं आणि बायकोचंही जिणं हराम केलं होतं. क्षणस्थापक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. मेंदूचा जो भाग पुढची चित्रं रंगवतो, त्याला तो झोपवतो, बस्स. हेरंबला गाढ झोप लागू लागली. तिखटमीठ लावलेला पेरू तो डोळे मिटून खाऊ लागला. कित्येक वर्षांनी त्याने शाल्मलीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. ती सुखावली, का नाही सुखावणार?

मग झडप आणखी बिघडली. शल्यचिकित्सक म्हणाले, आत्ताच बदलून घ्या, एकदा फाटली की आमच्या हातात काही राहणार नाही. हेरंब हसून नको म्हणाला. आत्ता कुठे दुखतंय, एवढंच त्याचं म्हणणं. शाल्मली न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याला तपासलं तर नाव, गाव, पाढे, सगळं बिनचूक. शहाणासुरता माणूस नको म्हणतोय, तर त्याला टेबलावर बांधून कोण कापणार? यंत्र ओढून काढावं, तर त्याचे तंतू मेंदूत रुजलेले. ते बंद होणार फक्त वापरणाऱ्याच्या मनात तशी इच्छा उमटली तर. दुसऱ्याचं सुख कुणी परस्पर बंद करू नये म्हणून ही सोय शाल्मलीनेच केली होती, आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या.

तिचे सहकारी डॉ. रियाज तांबोळी यांनी मेंदूचा आलेख तिच्यापुढे सरकवला.

“मॅडम, इच्छा कुठे उमटते, बघा.”

तिने पाहिलं. “त्याच भागात.”

“जो आपण झोपवलाय. जे अजून घडलेलं नाही ते दिसल्याशिवाय माणूस ते मागणार कसं?”

एवढी शिकलेली माणसं, पण हे एकाच्याही ध्यानात येऊ नये! शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला. आता तिला एकच आशा उरली. झडप फाटण्याआधी छातीत कळा येतात. कळ तर आत्ताच्या क्षणातली; ती आली की हेरंब सुटका मागेल, यंत्र बंद होईल, आणि भानावर आलेला नवरा शस्त्रक्रियेला हो म्हणेल. नवऱ्याला दुखू दे म्हणून देवाला विनवणी करणारी ती पहिलीच बायको असावी. रोज सकाळी ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि तो हसरा दिसला की हिरमुसून कामाला लागायची.

एका दुपारी मटार सोलता सोलता हेरंब कळवळून खाली बसला. तिने रुग्णालयाला फोन केला आणि यंत्राचे आलेख दाखवणारा संगणक उघडून त्याच्याजवळ फरशीवर बसली. इच्छेची रेषा सपाट होती. तो कण्हत होता, पण काहीच मागत नव्हता. पेरू खाताना जसा तो अख्खाच्या अख्खा पेरूत असायचा, तसा आता अख्खा दुखण्यात होता.

“हेरंब, मनात आण, हे थांबायला हवं. एकदाच आण,” ती रडत म्हणाली. “गाडी निघालीये. थोड्या वेळात थांबेल रे सगळं.”

त्याने घामेजलेला चेहरा तिच्याकडे वळवला. ती काय म्हणतेय ते समजून घ्यायचा त्याने मनापासून प्रयत्न केला.

“थांबेल म्हणजे काय?” त्याने विचारलं.