घरी ठेवलेला नंबर

नागपूरच्या बेसा चौकातल्या मोबाइलच्या दुकानात कौसल्याबाई रंगारींनी आपला फोन काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "परदेशात हा चालंल का?"

दुकान सांभाळणाऱ्या पायलने फोन उलटसुलट करून पाहिला. "चालते ना काकू. पण रोमिंग कायले घेता? लई महाग पडते. आलेला फोन उचलला तरी पैसे कटते. ई-सिम तुमच्या फोनात बसत नाही. तिकडं उतरल्यावर मुलाले सांगा, तिकडचंच सिम टाकून देईल."

"आणि हा नंबर?"

"हा बंद पडू देऊ नका. बँक, पेन्शन, सगळं याच्यावरच असंल. जुना फोन आहे ना घरी? त्यात हे सिम टाका आणि चार्जिंगले लावून ठेवा. बस."

कौसल्याबाईंना ते पटलं. त्यांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. तरुणपणी त्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डवर ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून गावोगावच्या लाइनी जोडायच्या, तोडायच्या. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात कसं शिरतं, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की टेलिफोनच्या बाबतीत त्यांना कशाचं नवल वाटत नसे.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन आल्या आणि त्याच आठवड्यात त्या रॉटरडॅमला निघाल्या, मुलाकडे, पियुषकडे. निघताना जुना बटणांचा फोन बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या टीपॉयवर ठेवला, चार्जर लावला. कुंड्यांना पाणी घालायला समोरच्या फ्लॅटमधल्या दीप्तीकडे किल्ली दिली. नवरा गेल्यापासून त्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत होत्या. कुलूप लावताना आत कोणाला सोडून चाललोय असं काही वाटायचं कारण नव्हतं.

पियुषचं घर उंचावर होतं. खिडकीतून पाणी दिसे, त्यापलीकडे बंदरातल्या क्रेन. सकाळी पियुष आणि सून प्रीती कामाला जात, संध्याकाळी थकून येत, आणि जेवण झालं की दोघंही कानात काहीतरी घालून आपापल्या स्क्रीनपुढे बसत. दोघं वागायला चांगली होती. "आई, बरं वाटून राहिलं ना?" असं पियुष जाता-येता विचारी. त्या "हो" म्हणत. तेवढ्यात तो दुसऱ्या खोलीत पोहोचलेला असे. दिवसभर मग कोणाशी बोलणं नाही. एकदा दुपारी त्यांनी उगाच मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं, आवाज आहे का पाहायला.

गावाकडे कुहीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, फोन करायचं त्यांच्या मनात बऱ्याच दिवसांनी आलं. एरवी कुसुमचा फोन आला की त्या दोन शब्दांत आटपत. ती धानापासून शेजारणीच्या म्हशीपर्यंत सगळं सांगत बसे, आणि कौसल्याबाईंना तेवढा दम नव्हता. कुसुमकडे साधा फोन होता. पियुषने इंटरनेटवरून साध्या फोनवर स्वस्तात बोलता येईल असं एक अ‍ॅप त्यांना टाकून दिलं होतं, त्यावरून त्यांनी नंबर लावला.

"बोल वं बाई," कुसुम म्हणाली. "आता काय राहिलं सांगाचं?"

"राहिलं म्हणजे? महिना झाला मी फोन नाही केला तुले."

कुसुम हसली. "आता सकाळीच तर बोललो आपण. रोजच बोलतो ना वं. मीच लावतो अन् तू उचलतं. पहिले कशी घाई राहे तुले. आता कशी निवांत ऐकतं."

"कोणत्या नंबरवर लावतं तू?"

"तुझ्याच. दुसरा कोणता माहीत आहे मले?"

क्रॉस कनेक्शन, कौसल्याबाईंनी मनात म्हटलं. कोणीतरी रिकामटेकडी बाई मजा करत असेल.

मग कुसुमचा आवाज जड झाला. "बाई, काल तू सांगितलं ना, तवापासून जीव लागत नाही माहा. आई गेली तो फोन तूच जोडून दिला होता म्हणे. इतके वर्षं एकटीनं काहून ठेवलं वं पोटात?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. कुहीच्या पोस्टातून थोरल्या भावाच्या ऑफिसला ट्रंक कॉल लागला, तो कौसल्याच्याच बोर्डवर आला. तिने लाइन जोडली आणि आई गेल्याचं कानाने ऐकलं. ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. ती बोलली नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर भावाने सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. नवऱ्यालासुद्धा हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला आणि व्हिडिओ कॉल करून दीप्तीला घरात जायला सांगितलं. पडद्यावर त्यांचीच खोली हलत-डुलत दिसली. सोफ्यावरची चादर, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, टीपॉय, फोन.

"आहे ना काकू जागेवर," दीप्ती म्हणाली. "खुर्ची तेवढी इकडं ओढलेली आहे. तुम्हीच ठेवली असंल."

"फोन हातात घे बरं."

दीप्तीने घेतला आणि दुसऱ्या हातात बदलला. "गरम आहे काकू. कोणी लई वेळ बोलून ठेवल्यावानी."

"चार्जरनं तापला असंल," कौसल्याबाई म्हणाल्या. तसं होतंच. "काढू नको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी पियुष आणि प्रीती गेल्यावर त्या खिडकीशी बसल्या आणि स्वतःचाच नंबर लावला.

रिंग गेली. आपल्याकडची, दोन-दोन ठोक्यांची. मग कोणीतरी उचलला.

पहिल्यांदा नुसती खोली ऐकू आली. त्यांच्या पंख्याची टिकटिक. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी, मेथी, पालक, हिरवा सांभार. दीप्तीकडच्या कुकरची शिटी. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाजवळ, श्वास.

"बोल वं," त्यांचाच आवाज म्हणाला. "ऐकून राहिली मी."

कौसल्याबाईंना फोन बंद करायचा होता. पण त्या आवाजात घाई नव्हती. तो थांबला होता. किती वर्षांत आपल्यासाठी कोणी असं थांबलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"इथं ऊनच पडत नाही," त्या म्हणाल्या.

"हं."

"पोरं चांगली आहेत. पण बोलत नाहीत."

"हं. सांग."

त्या बोलत राहिल्या. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलल्या, रिकाम्या फ्लॅटबद्दल, या घरातल्या आवाज न करणाऱ्या दारांबद्दल. प्रीती चहा पीत नाही, त्यामुळे आपण सकाळचा चहा एकटीच उभ्याने पितो, हेही सांगितलं. पलीकडून मधूनच हुंकार येई. थांबल्या तेव्हा गळा दुखत होता आणि बाहेर दिवे लागले होते.

मग रोजच तसं होऊ लागलं. कोण आहेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बोर्डवर असताना समोरचं माणूस कोण, कसं, हे कोणी विचारत नसे. लाइन लागली आहे एवढं पुरे असे. पियुष एकदा म्हणाला, "आई, तू आजकाल खूश दिसतेस." त्या नुसत्या हसल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "उद्या निघते. घरी येऊन राहिली मी."

पहिल्यांदाच पलीकडून हुंकार आला नाही. पंख्याची टिकटिक येत होती.

"ये," आवाज शेवटी म्हणाला. "मी जाते मग."

नागपुरात जानेवारीची थंडी होती. टॅक्सीतून उतरल्यावर त्यांना उन्हाचं इतकं बरं वाटलं की त्या बॅग हातात धरून मिनिटभर गेटपाशीच उभ्या राहिल्या. घर स्वच्छ होतं. खुर्ची टीपॉयशी होती. तिची गादी बसलेल्या माणसाच्या आकाराने दबली होती. फोन चार्जरला होता, थंडगार.

दोन दिवस तो वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी त्यावरूनच कुसुमला फोन लावला.

"कुसुम, मी आली गं परत."

"कोण बोलून राहिलं?"

"मी. कौसल्या. बाई."

कुसुम म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तशी, "माह्या बहिणीचा आवाज मले माहीत आहे. ते तर तिकडं आहे, पोराकडं. काल रात्रीच बोलली माह्याशी. तुम्हाले कोण पाहिजे?"

"कुसुम, अगं..."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर कुसुमचा नंबर व्यस्त होता. अर्ध्या तासाने लावला तरीही व्यस्तच होता.

दुपारी दीप्ती डबा घेऊन आली. "काकू, तोंड काहून असं उतरलं?"

"झोप नाही झाली. तुझा फोन दे जरा, दीप्ती. एक लावून पाहते."

दीप्तीने फोन दिला आणि वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली.

कौसल्याबाईंनी स्वतःचा नंबर लावला. डोळे टीपॉयवर होते. तिथला फोन तसाच पडून होता, काळा.

कानात मात्र रिंग गेली.

दोन-दोन ठोक्यांची नाही. एकच, लांब. मग शांतता. मग पुन्हा एकच, लांब. ही तिकडची, पियुषकडची रिंग त्यांना चांगली ओळखू येत होती. नंबर देशात नव्हता. रोमिंगवर होता.

उचलला गेला.

मागे पाऊस होता, उंचावरच्या मोठ्या काचेवर लागणारा. भांड्यांचा आवाज. पियुष कशावर तरी मोकळा हसत होता. लहानपणी हसायचा तसा.

"आई, या ना," प्रीती म्हणाली. "चहा थंड होऊन राहिला. तुमच्यासोबत प्यायची सवय लागली आता मला."

मग आवाज आला. खाली, मायेने.

"बोल वं. ऐकून राहिली मी."

कौसल्याबाईंनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

पलीकडे तो थोडा वेळ थांबला.

"बरं," तो म्हणाला. "ठेवते मग. पोरं वाट पाहून राहिली."