फोटोच्या जागी आलेली ओळ

सेमीकोलनची कळ दाबण्याआधी तो साधारण अर्धा सेकंद थांबायचा. बाकीची अक्षरं बऱ्या वेगाने टाइप करायचा. या एकाच कळेपाशी बोट हवेत राहायचं आणि मग अलगद खाली यायचं. पहिल्या शनिवारी मी हे तीनदा पाहिलं, चौथ्यांदा मनात मोजलं.

मोजायची मला सवय आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोक विहिरीचं, टाकीचं, नळाचं पाणी बाटलीतून आणतात आणि ते पिण्याजोगं आहे की नाही हे आम्ही कळवतो. प्रत्येक मोजणी तीनदा करायची, तिन्ही जुळल्या तरच सही करायची. नऊ वर्षं हेच केल्यावर माणूस भाजी घेतानाही तीनदा बघतो.

वेबसाइट बनवायला शिकवणारा आमचा वर्ग लायब्ररीच्या वरच्या खोलीत भरायचा. बारा शनिवार, दुपारी तीन ते पाच. पहिल्या दिवशी मी चुकून शेजारच्या चित्रकलेच्या वर्गात दहा मिनिटं बसले, त्यामुळे इकडे पोहोचले तेव्हा एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर त्याची पिशवी होती. त्याने पिशवी उचलली. मी बसले. पाच मिनिटांनी तो हळूच म्हणाला,

"तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल आहे."

"मी विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतंत. पण आतापर्यंत चारदा वर ढकललात. मला बघवत नाही."

त्याच्या खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर निघाला. चष्मा माझ्या नाकावरून त्याच्या हातात कधी गेला ते कळलं नाही... त्या अर्ध्या मिनिटात फळा, खिडकी आणि तो, सगळंच धूसर होतं. चष्मा परत चढवला तेव्हा सगळ्यात आधी स्पष्ट झाला तो त्याचा चेहरा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे हे त्याने वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

शिकवणाऱ्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांच्या लक्षात नावं राहत नसत, म्हणून ते प्रत्येकाला कामावरून हाक मारायचे. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा म्हणजे 'पोस्ट', केक करणारी ती 'बेकरी', मी 'पाणी' आणि तो 'चष्मे'. मास्तरांच्या टेबलावर एक काचेची बरणी असायची. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाकडून एकेक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतला आणि बरणीत टाकला. दर शनिवारी एक चिठ्ठी निघायची. पुढे कळलं की शिकायला येणाऱ्या सगळ्यांचे प्रश्न सारखेच असतात. माझं वय जास्त तर नाही? गणित लागतं का? इतक्या भाषांमधली आधी कोणती शिकायची? व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मग समोर कोरं पान आलं की हात का चालत नाही?

मास्तरांची दुसरी पद्धत जास्त अवघड होती. दोन माणसं, एक कीबोर्ड. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बोलायचं. टाइप करणाऱ्याने न सांगितलेलं एकही अक्षर उमटवायचं नाही. वीस मिनिटांनी अदलाबदल.

"तुमच्या मनातलं यंत्राला कळत नाही आणि शेजाऱ्यालाही कळत नाही," मास्तर म्हणायचे. "तोंडाने बोला."

मला हेच जड जायचं. मी "इथे... ते... म्हणजे तसं" म्हणायचे आणि तो कीबोर्डवर हात ठेवून शांतपणे बसून राहायचा. नियम म्हणजे नियम. त्याच्या बसून राहण्यात कंटाळा नसायचा, आणि त्यामुळे मी जास्तच अडखळायचे.

त्या अर्ध्या सेकंदाचं कारण मी तिसऱ्या शनिवारी विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि हे बरं की ते, असं विचारून थोडं थांबायचं. ती सवय बोटात उतरली असावी, असं तो म्हणाला. मग खरोखरच त्याने माझ्या पानावरचा अक्षरांचा रंग बदलला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं,

"आता बरं दिसतंय की मघाशी?"

"मघाशी."

"का?"

"मघाशी तुमचं डोकं मध्ये नव्हतं."

तो हसला, पण डोकं काही लगेच बाजूला घेतलं नाही.

पाचव्या शनिवारी आमचं पान रंगच घेईना. चाळीस मिनिटं आम्ही एकेक ओळ वाचत होतो, खांद्याला खांदा जवळजवळ लागलेला. त्याच्या हातांना काच पुसायच्या स्पिरिटचा वास, माझ्या हातांना प्रयोगशाळेतल्या साबणाचा. इतकं निर्जंतुक टेबल त्या खोलीत दुसरं नव्हतं. शेवटी चूक सापडली. फाइलच्या इंग्रजी नावात एक अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल होतं, आणि आम्ही दोघेही ते छोटं समजून वाचत होतो. "घरी दुकान चष्म्यांचं," तो हताशपणे म्हणाला, "आणि हे दिसलं नाही. ताईला सांगू नका." ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दुकानाचा काउंटर ती सांभाळायची आणि त्यालाही.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने अनोळखी माणसाच्या उपयोगी पडेल असं एक पान तयार करायचं होतं. माझं ठरलेलं होतं. आमच्याकडे कित्येक बाटल्या चुकीच्या भरून येतात. कोणी बुचाच्या आत बोट घालतं, कोणी बाटलीच्या तोंडाला हात लावतं, आणि पाणी चांगलं असूनही निकाल वाईट येतो. बाटली कशी भरावी हे फोटोंसह दाखवणारं पान मला करायचं होतं. आठव्या शनिवारी पहिला फोटो काढला: खालून धरलेली बाटली आणि ती धरणारा त्याचा हात. मास्तरांनी शिकवलं होतं की प्रत्येक फोटोसोबत एक ओळ लिहायची. फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी ती ओळ दिसते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांचं यंत्र ती वाचून दाखवतं. या बाबतीत तो फार काटेकोर होता. त्याच्या गिऱ्हाइकांमध्ये नजर जात चाललेली माणसं होती.

त्याच दिवशी जिन्यावर तो म्हणाला की एक विचारायचं होतं, घाईचं नाही. आणि मग त्याने साध्या आवाजात, कठड्यावर हात ठेवून, माझ्याशी लग्न कराल का असं विचारलं.

मी म्हणाले, "सांगते."

"चालेल. पण मी पुन्हा विचारणार नाही," तो म्हणाला. "रागाने म्हणत नाहीये. भिंग दोन-तीनदा बदलून तेच विचारलं की माणूस सुटका करून घ्यायला काहीही उत्तर देतो. मग चष्मा चुकतो. तुमचं झालं की सांगा."

पाच वर्षांपूर्वी मी एका चहाच्या भेटीत एकाला हो म्हटलं होतं. पहिल्याच मोजणीवर सही. दोन महिन्यांनी ते मोडलं, आणि तेव्हापासून माझं प्रत्येक उत्तर 'सांगते' असं असतं. नववा शनिवार गेला. दहावा गेला. तो तसाच होता, तितकाच हसरा, सेमीकोलनपाशी तितकाच थांबणारा. एका शब्दानेही आठवण करून देत नव्हता. बारावा शनिवार झाला की शेजारी बसायला कारण उरणार नव्हतं.

"विहिरीच्या पाण्याला दोन दिवसांत उत्तर देतेस," आई म्हणाली, "आणि माणसाला तीन आठवडे? एवढ्यात त्याला शेवाळ धरेल."

अकराव्या शनिवारी बरणीतून माझी चिठ्ठी निघाली. काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? मास्तर म्हणाले, ओळखता येत नाही. दुसऱ्याला दाखवण्याइतकं झालं की बाहेर ठेवायचं, तो चुका सांगेल, मग दुरुस्त करायचं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं पान म्हणजे न झालेलं पान. मग त्यांनी घरचं काम दिलं. पान सगळ्यांना उघडता येईल असं इंटरनेटवर चढवायचं, पत्ता जोडीदाराला पाठवायचा, आणि जोडीदाराने त्याच्याकडे उघडून दोष लिहून पाठवायचे.

गुरुवारी मी पान चढवलं. तीनदा तपासलं. पत्ता त्याला पाठवला.

शुक्रवारी त्याची यादी आली. अक्षरं फिकी आहेत, म्हाताऱ्यांना वाचता येणार नाहीत. बटण बोटापेक्षा लहान आहे. पहिला फोटो दिसत नाही, त्याच्या जागी ओळ दिसते. बाकी उत्तम.

मी पान उघडलं. फोटो जिथल्या तिथे होता. मी कळवलं, "माझ्याकडे तर दिसतोय."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "तुमच्याकडे दिसत असेल. वर्गात बघू."

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत एक काका निकाल घ्यायला आले. त्यांच्या टाकीचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. मी कागद पुढे केला तर ते ठामपणे म्हणाले, "आमच्या घरी तर स्वच्छ दिसतं."

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आदल्या दिवशी मी जवळजवळ हेच कळवलं होतं. तीनदा तपासलं होतं खरं, पण तिन्ही वेळा माझ्या कॉम्प्युटरवरचीच प्रत उघडली होती. पानाला मी सांगून ठेवलं होतं की फोटो माझ्या कॉम्प्युटरमधल्या अमुक कप्प्यातून घे. तो कप्पा जगात फक्त माझ्याकडे होता. आणि ती ओळ...

काका गेल्यावर मी फोनवर पानाचा पत्ता उघडला. फोटोच्या जागी रिकामी चौकट होती, आणि चौकटीत मी दहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी लिहिलेली ओळ. फोटो दिसतोय तोवर ही कोणालाच दिसणार नाही, नंतर बदलू, असं म्हणून लिहिलेली. मनातलं ठेवायला इतकी सुरक्षित जागा मला दुसरी सापडली नव्हती.

'बाटली खालून धरलेला हात. हा ज्यांचा आहे त्यांना मी हो म्हणणार आहे, फक्त अजून सांगितलेलं नाही.'

मी फोन पालथा ठेवला. मग उचलून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. कान तापले होते, पण ओळीतला एकही शब्द चुकीचा वाटला नाही. तिन्ही मोजण्या जुळत होत्या.

दुपारी तो आधीच येऊन बसला होता. खुर्चीवरची पिशवी त्याने उचलली. कीबोर्ड त्याच्या पुढ्यात होता, म्हणजे आज आधी मी बोलायचं. पोस्ट आजोबा मागे कोणाला तरी स्वतःचं पान अभिमानाने दाखवत होते. खिडकीतून आलेलं ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत पोहोचलं होतं.

"फोटोपासून सुरू करू?" त्याने विचारलं.

मी सांगत गेले. आधी फोटोची फाइल पानाशेजारी ठेवा. मग माझ्या कप्प्याचा पत्ता खोडा. तिथे फक्त फाइलचं नाव लिहा, सगळी अक्षरं छोटी. तो टाइप करत गेला. नवं पान चढवलं, त्याने स्वतःच्या फोनवर पत्ता उघडला, आणि त्याचाच हात तिथे दिसला, बाटली खालून धरलेला.

आता फक्त ती ओळ राहिली होती. ती आमच्या दोघांच्या समोर, स्क्रीनच्या मधोमध होती.

"खरं सांगायचं तर मी वाचली नाही," तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला. "ऐकली. दुकानात पानं वाचून दाखवणारं यंत्र आहे ना, त्याच्यावर तपासत होतो. मोठ्या आवाजात. एक आजी चष्म्याचा नंबर काढायला बसल्या होत्या. ताईने शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाली, तू आधी खाली बस."

"आणि आजी?"

"त्या म्हणाल्या, पुन्हा लाव, नीट ऐकू आलं नाही."

मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. त्याची बोटं कळांच्या वर हवेत होती.

"यंत्राने वाचलेलं मी उत्तर धरत नाही," तो म्हणाला. "नियम आहे. सांगितल्याशिवाय एक अक्षरही नाही. या ओळीचं काय करायचं?"

विचारलं होतं त्याने ओळीबद्दल. दुसरं काही तो विचारणार नव्हता, हे मला माहीत होतं.

"पहिलं वाक्य राहू दे," मी म्हणाले. "दुसरं पुसा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी चष्मा परत देताना पाहिलं होतं तसं, नीट बसलाय की नाही ते बघत. मग एकेक अक्षर पुसत गेला, शेवटच्या शब्दापासून मागे मागे... 'हात'पाशी येऊन थांबला.

"पुसलं," तो म्हणाला. "त्याच्या जागी काय लिहू?"

"काही लिहू नका. ते लिहायचं नव्हतंच." मी कीबोर्ड थोडा बाजूला सरकवला. "सांगते."

तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," मी म्हणाले.