हवा पोचली, रक्त कुठे अडलं?

हवा छातीत नीट जातेय, तरी माणूस धापा टाकतोय, हे कसं काय? चार्वीला काही कळेना. तिला मल्लखांब शिकवणारे बाबुराव वस्ताद सकाळी चहा पिताना एकाएकी कासावीस झाले होते. आता ते दवाखान्यात पडून होते. छातीत कळ, नाडी धावत सुटलेली. ते वाचतील ना, या काळजीने ती त्यांच्या उशापासून हलत नव्हती.

"फुप्फुसांत हवा छान खेळतेय," डॉ. सायरा मुजावर म्हणाल्या. "वस्ताद, आणखी कुठे दुखतंय?"

"कुठं काय! ठणठणीत... हाय."

चार्वीला राहवेना. "खोटं! गुडघा दुखावल्यापासून पलंगावरच आहेत. एकच पोटरी सुजलीय. म्हणाले, कुणाला सांगू नको, आज संध्याकाळी तेल लावून रगडून दे."

वस्तादांनी डोळे वटारले. डॉक्टर मात्र झटकन उठल्या. "बरं झालं रगडली नाहीस!"

त्यांनी वस्तादांच्या शिरेत चमकणारं द्रव्य सोडलं आणि चार्वीच्या डोळ्यांवर शरीराच्या आतलं दाखवणारा नवा किरणचष्मा चढवला. खोलीभर वस्तादांची फुप्फुसं उभी राहिली. आधी दिसलं हवेचं पांढरंशुभ्र झाड, खोड वर अन् फांद्या खाली. टोकांना कोट्यवधी वायुकोश (हवेचे इवलेसे फुगे). मग त्याला बिलगून रक्ताचं लाल झाड उजळत गेलं, डहाळीशेजारी डहाळी. चार्वीचे डोळे विस्फारले.

"हे सगळं वस्तादांच्या आत?"

"तुझ्याही आत. आता उजवीकडे बघ."

तिथे पांढऱ्या फांद्या होत्या, लाल नव्हत्या.

"हवा आलीय, पण तिच्यातला प्राणवायू घ्यायला रक्तच येत नाहीये!" चार्वी ओरडली.

"शाब्बास! पाय बरेच दिवस हलला नाही, की शिरेत रक्ताची गुठळी (घट्ट झालेला गोळा) होऊ शकते. ती सुटली, की हृदयातून थेट इथे येऊन अडकते. पोटरी रगडली असतीस, तर आणखी एखादी सुटली असती."

डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं. "हे गुठळीला वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतःच करतं, हळूहळू."

काही आठवड्यांनी तिने पुन्हा चष्म्यातून पाहिलं, तर उजवीकडच्या त्या पांढऱ्या फांद्यांशेजारी लाल धागा उतरला होता. चार्वीला रडू फुटलं. मग वस्तादांनी चष्मा मागून घेतला आणि कितीतरी वेळ ते बघतच राहिले.

"उभा जन्म शरीर कमावलं," ते हळूच म्हणाले, "पर आत कोण राबतंय, ते कधी बघितलंच न्हाई."

"डॉक्टर, गुठळी सुटायच्या आधीच घरबसल्या सावध करणारा चष्मा आहे?" चार्वीने विचारलं.

"तो अजून कुणी बनवला नाही गं."

वस्तादांनी चष्मा काढला आणि तिच्या हातात ठेवला. "घे पोरी. नीट बघून ठेव. तो दुसरा तुलाच बनवायचा हाय."