घामेजलेली रायफल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दिवसाढवळ्या घडली. याच जानेवारीत, फिनलंडमध्ये, कुह्मो शहराच्या पुढे सरहद्दीकडच्या आमच्या गावात, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी.

मी रेयो. जुन्या रायफली तपासण्यात माझं आयुष्य गेलं. लष्कर जुना माल विकायला काढतं, लोक घेतात आणि मग माझ्याकडे आणतात. कुठली, कधीची, चालवण्याजोगी आहे का, ते मी सांगतो.

बहिणीचा नवरा एन्सिओ असाच एक नग घेऊन आला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धाच्या वेळची रायफल. पोरासारखा खूश होता.

"बघा मेव्हणे, आणि उगाच नाक मुरडू नका!"

माझ्या बहिणीने, सिर्क्काने, कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. मी रायफल टेबलावर घेतली.

आमच्या लष्कराचा चौकोनी शिक्का स्पष्ट होता. गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळत होते. बोल्ट काढून नळीतून खिडकीकडे पाहिलं. आत आरशासारखी चकाकी. फारशी झाडलेलीच नव्हती.

पण दस्त्याचं बूड पार झिजलं होतं.

मला हे काही कळेना. गोळ्या झाडल्या नाहीत, मग बूड झिजेल कसं? मग लक्षात आलं... कुणीतरी ती जमिनीवर टेकवून उभा राहिला होता. गोठलेल्या जमिनीवर. पुष्कळ काळ.

आणि नळीच्या टोकाला गंज होता. चार पट्टे.

चार बोटं.

"उघड्या हाताने धरली होती," मी म्हणालो. "हातमोजा नव्हता."

"सॉसेज खाता खाता धरली असेल कुणी हावरटाने!" एन्सिओ हसला.

मी तेल लावून गंज घासून काढला. लोखंड लख्ख झालं. रायफल स्वयंपाकघरातच, भट्टीशेजारच्या भिंतीला लावून ठेवली. बर्फ फार पडत होता म्हणून मीही तिथंच मुक्काम केला.

सकाळी रायफल ओली होती.

ओली म्हणजे... घामेजलेली. नळीवर थेंब, बोल्टवर थेंब.

इकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कडाक्याच्या थंडीतून बंदूक उबदार घरात आणली की तिला घाम फुटतो. म्हणून आम्ही ती बाहेरच्या गार पडवीतच ठेवतो. पण ही तर भट्टीशेजारी होती.

नुकतीच कुणीतरी बाहेरून आणल्यासारखी.

"सिर्क्का, तू हिला बाहेर नेलंस?"

"मी कशाला हात लावू त्या मेल्या काठीला?"

दार उघडून पाहिलं. पायरीवर ताजा बर्फ. एक पाऊल नाही.

नळीच्या टोकाला... पुन्हा चार पट्टे.

"परत करून टाक," मी म्हणालो.

"दोष सांगा ना. काय बिघडलंय हिचं?"

मी काय सांगणार? दोष नव्हताच. इतकी चांगली रायफल वर्षात एखादीच हाती येते. कपाळावर हात मारण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं.

एन्सिओ ती घेऊन अंगणात गेला. लाकडांच्या खोपटापाशी थांबला. आम्हाला हसवायला त्याने रायफल जमिनीवर टेकवली, टोक मुठीत धरलं, छाती पुढे काढली. आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक पुरुष लष्करात काही महिने काढून आलेला असतो. पहारा बदलताना काय म्हणायचं, ते झोपेतही तोंडात येतं.

"पहारा घेतला!" तो ओरडला.

मी दारात उभा राहून हसलो.

आणि मग ऐकू आलं...

कर्र... कर्र...

बर्फावरची पावलं. एन्सिओच्या शेजारून निघाली. एकाच माणसाची. थकलेली, एक पाय ओढत. खोपटामागून जंगलाकडे गेली... लांब... आणखी लांब...

बर्फावर काहीच उमटलं नाही.

एन्सिओच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. त्यानेही ऐकलं होतं.

"चल आत," मी म्हणालो.

"आलोच."

कॉफी निवली. तो आला नाही. सिर्क्काने हाका मारल्या. मी जवळ गेलो. त्याने हातमोजा काढून टाकला होता. उघडी मूठ लोखंडाला चिकटली होती.

"एन्सिओ, अरे सोड!"

"अजून माझ्या बदलीचा माणूस आला नाही," तो म्हणाला.

कोमट पाणी ओतून हात सोडवला. दोन बोटं शेवटी वाचली नाहीत.

त्या दिवसापासून रायफल कोरडी आहे. ठणठणीत. मी ती माझ्या घरी आणून कुलपात ठेवलीय.

पण आता घाम एन्सिओला येतो.

भट्टीशेजारी बसवा, पांघरुणात गुंडाळा. चेहऱ्यावर गार थेंब, पापण्यांवर थेंब. पुसले की पुन्हा. आणि नजर चुकली की खुर्ची रिकामी. दाराची कडी आतून लागलेली असते... आणि तो खोपटापाशी उभा. हाताची मूठ वळलेली. मुठीत काहीच नसतं.

डॉक्टर म्हणतात, मनाचा आजार. औषध देतात. तो वाळत चाललाय. अशा थंडीत माणूस किती दिवस टिकेल? आणि आमचा उन्हाळा अजून फार लांब आहे.

मला पाहिलं की तो सरळ उभा राहतो. डोळ्यांत आशा येते. मी काय म्हणावं ते मला ठाऊक आहे. दोनच शब्द. ते म्हणायला तोंड उघडतो आणि सुटून गेलेल्या त्या पावलांचा आवाज आठवतो. मी पाठ फिरवतो. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.

परवा सिर्क्काने विचारलं, "दादा, पहारा बदलताना काय म्हणतात रे?"

ती लष्करात कधी गेलेली नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आज सकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती खोपटापाशी त्याच्यासमोर उभी होती. त्याची वळलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून. मला पाठमोरी. हळूहळू एकेक शब्द लावून बघत होती.

"मी आले..."

"तू जा आता..."

"मी उभी राहते..."

मी हाक मारली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पहारा माझा..." ती म्हणाली.

एन्सिओने मान वर केली.