हळद लागलेला उत्प्रेरक

केतकीने लाकडी आंब्याला बोट लावलं आणि ते चिकटलं. एवढे दिवस वाळवूनही रंग ओलाच. सावंतवाडीत पुरुषोत्तमकाकांच्या ओटीवर मिक्सरएवढं यंत्र घुमत होतं आणि तिची फजिती आळीभर ऐकवत होतं.

यंत्र तिनेच बनवलं होतं, काकांसाठी. लाकडी फळं रंगवता रंगवता काकांच्या छातीत थिनरचा वास असा भरला होता, की रंगाच्या वासानेच खोकल्याची उबळ येई; डॉक्टरांनी रंगकामच बंद करायला लावलं. तेव्हापासून काका नुसते बसून असत. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पुतणीला ते बघवेना. तिने थिनरशिवाय वाळणारा रंग करायचं मनावर घेतलं, तोही करडईच्या तेलातून.

तेल म्हणजे मेदाम्लांचं एस्टर, मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची सांगड. करडईच्या मेदाम्लाच्या लांब साखळीत दोन दुहेरी बंध असतात, पण एकमेकांपासून फटकून. ते शेजारी आणले, की तेल हवेतला प्राणवायू घेऊन भराभर घट्ट होतं. बंध सरकवायचं काम यंत्रातली रुथेनियम धातूची पूड करायची. स्वतः न संपता काम उरकणारा हा उत्प्रेरक, पण भलताच उत्साही! बंध शेजारी आले तरी ढकलतच राहायचा आणि सगळा विचका व्हायचा; रंग वाळायचाच नाही.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. नंतर केतकीने यंत्राचं झाकण उघडलं, तर पुडीवर पिवळाजर्द थर.

"काकी, हे काय गं केलंस?"

"हळद व्हायली," सुमतीकाकी शांतपणे म्हणाली. "कुंचल्यांक व्हायली, पटाशीक व्हायली. ह्या पण हत्यारच मां?"

"अगं, पण आत कशाला?"

"भायर लावलेली पुसान जाता."

केतकीने कपाळावर हात मारून घेतला. आता गेलीच आहे पूड, तर जाऊ दे, म्हणत तिने तेल ओतलं आणि रागारागात कळ दाबली. निघालेल्या तेलात रंग खलून एक आंबा रंगवला आणि पाठ फिरवली.

सकाळी आंबा कोरडा ठणठणीत! नखानेही ओरखडा उठेना. कॉलेजात तेल तपासल्यावर उलगडा झाला. हळदीतलं कर्क्युमिन धातूच्या अणूंना चिमट्यासारखं धरून बसलं होतं. बंध शेजारी येईपर्यंत ते धातूला काम करू देई, पुढची वळवळ बंद. घरी येऊन केतकीने काकीला धरून अशी फुगडी घातली, की शेजारीपाजारी बघायला जमले.

काकांनी मात्र रंगाची वाटी उचलली आणि थेट नाकाशी नेली.

"अहो, वास घेव नकात!" काकी ओरडली.

काकांनी छातीभरून श्वास घेतला. सगळे खोकल्याची वाट बघत उभे राहिले. खोकला आला नाही. त्यांनी आणखी एक श्वास घेतला, उगाचच, मजेसाठी, आणि त्यांचे डोळे भरून आले. केतकीलाही हसू आणि रडू एकदमच फुटलं.

काकांनी कुंचला बोटांत धरला. तो रंगात बुडवून कोऱ्या आंब्यापाशी नेला आणि तिथेच थांबवला.

"केतकी," ते हळूच म्हणाले, "हात विसारलो नसतलो मां गो?"