कुंपण जळालं त्याचं काय झालं

धूर दिसला तशी दीपाली कुदळ टाकून धावली. धावली म्हणायचं आपलं... सकाळपासून घाणेरीची मुळं उकरून तिचे पाय तिचे राहिलेच नव्हते. ती पोचेपर्यंत बांधावरचं काटेरी कुंपण अर्धं जळून गेलं होतं, आणि एक उंच पोरगा पळसाच्या डहाळीनं उरलेली आग झोडपत होता.

"आग कोनं लावली?"

"मीच," तो खोकत म्हणाला. "मोहाखालचा पाला जाळून राह्यलो होतो. वारा फिरला..."

बांधावरचं मोहाचं झाड त्याच्या घराण्याचं. जमीन कुणाचीही असो, झाड ज्याचं त्यानं फुलं वेचायची, आणि फुलं पडायच्या आधी खालचा पाला जाळायचा, असं सगळं गावच करतं. मागच्या वर्षीपर्यंत तिथं नुसतं रान होतं. कुंपण त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दीपालीनं तोंड उघडलं, मिटलं आणि मटकन खाली बसली. भांडायलासुद्धा अंगात जीव लागतो.

"शिव्या नाई देत?"

"उद्या देईन. आज थकली आहो."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, खांद्यावर टिकाव घेऊन. "मी अंकुश. पल्याडच्या वस्तीवरचा. दे शिव्या."

"आजबी थकली आहो."

"मंग तवरिक मुळं खोदतो."

कुंपण त्यानं नवं घातलं, तरी येणं थांबलं नाही. ती घाणेरी कापायची, तो मुळं काढायचा. घरामागचं हे रान होळीआधी मोकळं करून तिला वांगी, भेंडी, चवळी लावायची होती. भाजी बाजारात गेली तर गावात राहता येणार होतं. नाहीतर होळीनंतर मिरची तोडणाऱ्या टोळीबरोबर पुन्हा तेलंगणात! तिथं हातांची अशी आग व्हायची, की रात्री ते पाण्यात बुडवून बसावं लागे. आई, इतवारीबाई, गुडघेदुखीनं घरात बसलेली. सगळं दीपालीच्याच अंगावर होतं.

"तुह्या नाकाले माती लागली," एकदा तो म्हणाला.

"लागू दे."

"हो, राहू दे. चांगली दिसते."

ती हसली नाही. पण त्या दिवशी तिनं नाक पुसलंही नाही.

मग एका सकाळी बोरिंगवर पाणी भरताना कमळाकाकूनं सगळ्यांसमोर विचारलं, "जावई राबून राह्यला म्हन्ते तुमच्या घरी?"

मुलीच्या घरच्यांना द्यायला पोराकडं काही नसलं की त्यानं तिच्या घरी राबायचं, आणि मग सोयरीक व्हायची, ही तिथली जुनी रीत. दीपालीचे कान तापले. संध्याकाळी ती खाली मान घालून त्याला म्हणाली, "उद्यापासून येऊ नको. कुंपनाचं फिटलं."

तो 'काऊन' विचारेल, म्हणून ती थांबली. त्यानं टिकाव खांद्यावर घेतला. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला.

मेल्यानं भांडायचं तरी! ती एकटीच खोदत राहिली. होळी झाली, वाफे अर्धवटच राहिले, आणि एका पहाटे टोळीची गाडी दारात उभी राहिली. दीपाली बोचकं घेऊन उंबऱ्यात आली, तर अंगणात बसलेल्या आईसमोर अंकुश उभा.

"आत्या, मी राबाले आलो. कुंपनासाठी नाई... लोकं म्हन्ते, तसा. साल म्हना, दोन साल म्हना."

"मंग त्या दिवशी गप काऊन राह्यलास?" दीपालीचा आवाज चिरकला.

"तू लय थकली होतीस. म्हनलं, मी अडून बसलो तं तुले अजून एकदा 'नाई' म्हनाचा तरास."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. या बावळटावर आपला किती जीव जडलाय, हे तिला त्याच घडीला उमगलं.

"मले राबनारा गडी नको, अंकुश."

त्याचा चेहरा पडला.

"संगं थकनारा पाह्यजे," ती म्हणाली. "जनमभर... थकशीन?"

गाडीनं हॉर्न दिला. आईनं बसल्या जागेवरून गाडीवाल्याला हातानंच 'जा' म्हणून खूण केली, आणि गाडी धूळ उडवत निघून गेली. अंकुशनं हात पुढं केला. दीपालीनं बोचकं खाली ठेवून तो धरला. मातीनं भरलेला, घट्टे पडलेला, अगदी तिच्या हातासारखा होता तो.