भिंतीचं पांघरूण

या, अंमळ जवळ सरकून बसा. आज एका भिंतीची गोष्ट सांगते. तोंडं वाकडी करू नका, भिंतीआड प्रेमच आहे!

घरोघरी भिंतींना गिलावा करणाऱ्या भिंतवालीच्या खांद्यावरचं पोतं फाटलं ते नेमकं गादीवाल्याच्या दुकानासमोर. पांढरे बारीक दाणे पायरीभर सांडले. हातातली रजई टाकून तो धावला.

"मणी का हो हे?"

"मेण आहे. गिलाव्यात कालवायचं. दिवसा ते ऊन पितं, आतल्या आत वितळतं… संध्याकाळी गोठताना सगळी ऊब परत देतं. कळलं?"

"सगळं कळलं," पोतं शिवता शिवता तो म्हणाला, आणि सुई बोटात खुपसून घेतली. नजर टाक्यावर कुठं होती त्याची!

थंडीचे दिवस. त्याची आई गुडघ्यांनी बेजार, खोली बर्फासारखी. मोठ्या ताईनं बजावलं होतं, "रविवारपर्यंत खोलीचं काही झालं नाही, तर आईला मी नेणार." ताईचं घर दूर. आई जाईल तिथं हाही जाणार, म्हणजे दुकानाला कुलूपच. हे ऐकल्यावर भिंतवालीनं पदर खोचला आणि खिडकीसमोरच्या भिंतीला स्वतःच्या हातानं मेणाचा गिलावा चढवला. रोज संध्याकाळी ती भिंत बघायला यायची… आणि भिंत सोडून इतरही बरंच बघून जायची.

शनिवारी तिनं भिंतीवर तळवा टेकला. गार!

"असू दे," तो म्हणाला. "तुमचा काय दोष?"

"माझाच आहे. उद्या ताई येतील, आणि तुम्ही…"

पलंगावरून आई करवादली, "ऊब यायची कुठून? दिवसभर हा भिंतीला रजई पांघरतो, अन् तू यायच्या वेळेला गुपचूप काढतो!"

"रजई?"

त्याचे कान लाल झाले. "आमच्या धंद्यात ऊन म्हणजे वैरी हो. रंग उडतो. म्हटलं, तुमच्या हातची भिंत… जपावी."

"अहो, मी सांगितलं होतं ना, ती ऊन पिते म्हणून?"

"तेव्हा मी ऐकत कुठं होतो? बघत होतो…"

रडावं की हसावं, तिला कळेना. तिनं दोन्ही केलं.

रविवारी भिंत उघडी राहिली, दुपारभर उन्हात न्हाली. दिवेलागणीला ताई बॅग घेऊन आली. भिंतीला हात लावला, मग पाठ टेकली, मग बसलीच! "बाई गं… आई, ये ना इथं."

"मी कुठं नाही जात आता," आई पाय पसरत म्हणाली, आणि तिनं देवाला हात जोडले.

भिंतीच्या पार टोकाला दोघं उभे होते.

"जपत होतात ते भिंतीलाच ना?"

"भिंतीसाठी कोण बोट टोचून घेतं? …राहशील इथं? माझ्यापाशी?"

"अहो-जाहो गेलं वाटतं!"

"तूही सोड ना."

तिनं त्याचं टोचलेलं बोट मुठीत धरलं. "राहीन. पण एक अट. मला कधी झाकून ठेवायचं नाहीस."

तर मंडळी, मावळतीला एखादी भिंत तुमच्या पाठीला ऊब देऊ लागली, की देवाचं नाव घ्या आणि त्या आईचीही आठवण काढा. तिनं वेळेवर तोंड उघडलं, म्हणून निभावलं!